तिनांची रांग

निमोण्यात सोपानरावांच्या शब्दाला वजन होतं. विकास सोसायटीचे ते बरीच वर्षं चेअरमन होते. बैठकीत सगळ्यांत कमी बोलायचे, आणि शेवटी ते बोलले की विषय संपायचा. त्याच सोपानरावांना वैशाखातल्या एका सकाळी कांद्याच्या चाळीपाशी उभं असताना लकवा मारला. उजवा हात खाली लोंबला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. गड्यानं आरडाओरडा केला, लोक धावले, शिरूरच्या दवाखान्यात वेळेत पोचवलं म्हणून जीव वाचला. पाय हळूहळू सावरला. हात मात्र दुसऱ्या कुणाचा असावा तसा मांडीवर पडून राहिला, आणि जीभ जड झाली.

सविता त्यांची एकुलती लेक. तिची आई सिंधूबाई मागेच गेलेली. दवाखान्यातून सोडायच्या दिवशी सविता वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, कपडे पिशवीत भरत होती, तेवढ्यात तिचे सासरे मच्छिंद्रराव फुलांचा टेंपो घेऊनच दारात आले. टेंपोत पुढच्या सीटवर गादी अंथरलेली होती.

"पाव्हणं, कासुर्डीला चलायचं," ते म्हणाले. "यवतला हाताचा व्यायाम घेणाऱ्या मॅडम हायेत. घरापासनं धा मिंटं. निमोण्यात कोण करणार तुमचं?"

सोपानरावांनी मान हलवली. लेकीच्या सासरी ते चहाच्या पुढं कधी गेले नव्हते. जेवायला थांबा म्हटलं की त्यांना काहीतरी काम आठवायचं. शिवाय मच्छिंद्ररावांशी त्यांचं फारसं जमायचंही नाही. मच्छिंद्रराव म्हणजे बोलका माणूस. झेंडू-शेवंतीचा मळा, पहाटेचा बाजार, हायवेवरच्या ढाब्यांवर ओळखी, आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. सोपानरावांना ही बडबड वाटायची. पण त्या दिवशी नाही म्हणायला त्यांची जीभ वळेना, आणि ती वळायच्या आत मच्छिंद्ररावांनी त्यांना काखेत धरून गाडीत बसवलं होतं.

यवतच्या मॅडमनी हात तपासला. "मळलेली कणीक दाबू दे, चेंडू दाबू दे," त्या सविताला म्हणाल्या, "पण सगळ्यांत चांगलं म्हणजे लिहू दे. रोज, भरपूर. काय लिहितात ते महत्त्वाचं नाही."

सारजाबाईंनी, म्हणजे सविताच्या सासूबाईंनी, यवतच्या दुकानातून पाटी आणि जाड खडूचा डबा आणला. सविताने पाटीवर मोठा 'श्री' काढून आप्पांसमोर ठेवला आणि गिरवा म्हणाली. आप्पांनी पाटीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं पाटी बाजूला सारली.

"मी... बालवाडीत... हाय का?"

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवणही अर्धंच केलं. सविता यवतच्या ज्युनियर कॉलेजात तासिकेवर गणित शिकवायची. कॉलेजला जाताना तिच्या मनात येत होतं, की ज्या माणसानं वीस-वीस पानी ताळेबंद तोंडपाठ केले, त्याच्यापुढं आपण बाराखडी टाकली. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं 'श्री' पुसला आणि पाटीवर ३३१ लिहिलं.

"आप्पा, ह्याला कशानं भाग जातो सांगा."

आप्पा आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताच्या बोटांत खडू खुपसला. तीननं, सातानं, अकरानं. आकडे वेडेवाकडे, पाटीच्या कडेवरून घसरणारे. सतरापर्यंत गेल्यावर सविताने थांबवलं.

"बास. ह्याच्यापुढं बघायची गरज नाही. मोठ्या आकड्यानं भाग जात असता, तर भागाकार लहान आला असता, आणि तो लहान आपल्याला आधीच सापडला असता. म्हणजे ही मूळ संख्या. एकानं आणि स्वतःनं सोडून हिला कशानंच भाग जात नाही."

"एकतीस पन... तसाच," आप्पा म्हणाले.

"हो, एकतीसही मूळ."

आप्पांनी खडू पुन्हा नीट धरला आणि ३३१ च्या आधी हळूहळू आणखी एक तीन काढला. ३३३१. ह्याचं काय, असं त्यांनी नजरेनंच विचारलं.

असं ते सुरू झालं. ३३३१ मोडला नाही, म्हणजे त्याला कशानंच भाग गेला नाही. मग ३३३३१. तोही मोडला नाही. आकडा जेवढा लांबायचा तेवढे जास्त भाजक लावून बघावे लागायचे. सविताने कॉलेजातल्या प्रिंटरवर सहा हजारांच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या छापून आणल्या आणि ओसरीच्या भिंतीला टेपनं चिकटवल्या. आप्पा खुर्ची भिंतीकडे करून बसायचे, एक भाजक घ्यायचे, पाटीभर भागाकार करायचे, बाकी उरली की पाटी पुसून पुढचा भाजक. आषाढात बोटांत खडू टिकायला लागला. श्रावणात आकडे सरळ उभे राहिले. आणि ३३३३३१ मोडला नाही, गणपतीच्या सुमारास ३३३३३३१ सुद्धा मोडला नाही.

"ह्या खडूच्या भुकटीनं माझी ओसरी पांढरी झाली," सारजाबाई म्हणायच्या, पण दुपारी आप्पांच्या पाटीजवळ ओलं फडकं त्याच नेऊन ठेवायच्या.

मच्छिंद्ररावांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मळ्यातून आले की पाय धुवायच्या आधी ते ओसरीत डोकवायचे.

"काय पाव्हणं, मोडला का?"

"न्हाई."

"मोडायचा न्हाई!" असं म्हणून ते मांडीवर थाप मारायचे, जणू तो आकडा त्यांच्याच मळ्यात वाढलेला होता. आप्पांना सुरुवातीला ह्याचा राग यायचा. पुढं पुढं सविताच्या लक्षात आलं, की संध्याकाळी टेंपोचा आवाज आला की आप्पा पाटीवरून मान वर करून वाट बघतात.

सात तीन आणि शेवटी एक, ३३३३३३३१, ह्या आकड्यानं सगळ्यांत जास्त दिवस घेतले. भिंतीवरचा जवळजवळ सगळा कागद त्याला लागला. दिवाळी झाली, शेवंतीचा बहर ओसरायला लागला, आणि मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी आप्पांनी ५७४९ हा शेवटचा भाजक लावला. बाकी ६२९ उरली. त्यांनी खडू खाली ठेवला आणि बऱ्यापैकी स्पष्ट आवाजात म्हणाले, "न्हाई मोडला. हा नेमच हाय. कितीबी तीन मांडा, शेवटाला एक ठेवा, मोडायचा न्हाई."

मच्छिंद्ररावांनी तिथल्या तिथं पेढे मागवले.

सविता हसली. ती कौतुकानं आप्पांच्या हाताकडे बघत होती. पुढच्या आकड्याचा विचार तिनं केला नाही. एक तर आकडा मोडून हा खेळ संपायला नको असंच तिला इतके दिवस वाटत होतं, आणि दुसरं म्हणजे तिच्या लेखी हा व्यायाम होता.

पण मच्छिंद्ररावांच्या लेखी तो शोध होता. त्यांनी बाजारात सांगितलं, ढाब्यावर सांगितलं, आणि यवतच्या कॉलेजचे प्राचार्य हार घ्यायला आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. प्राचार्यांचा विषय इतिहास. त्यांना ते भावलं. डिसेंबरात गणित दिवस असतो, त्या दिवशी सोपानरावांचा सत्कार करू, त्यांनी मुलांना आपला नेम समजावून सांगावा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. मच्छिंद्ररावांनी आप्पांच्या कानावर ते लगेच घातलं; सविताला मात्र हे कळलं ते स्टाफरूमच्या फळ्यावर सूचना लागल्यावर. सूचनेत 'मूळ संख्यांचा नवा नियम' असे शब्द होते.

सविताने ते शब्द दोनदा वाचले. तिनं बाकावर बसून मोबाईल काढला आणि आठ तीन आणि एक असा आकडा टाकला. ३३३३३३३३१. सातानं बाकी उरली. अकरानं, तेरानंही उरली. सतरानं भागलं आणि पडद्यावर सरळ पूर्णांक आला: १९६०७८४३. तिनं पुन्हा भागून बघितलं. मग उलटं गुणून बघितलं. सतरानं पूर्ण भाग जात होता.

आदल्या आकड्याला हजारोंपर्यंतचे भाजक लावून आप्पा थकले होते आणि पुढचा आकडा सतराशीच पडला होता.

घरी आली तेव्हा मच्छिंद्रराव मळ्याच्या बांधावर भेटले. तिनं त्यांना आधी सांगितलं. ते हातातलं खुरपं ठेवून बांधावरच बसले.

"म्हंजी नेम खोटा?"

"खोटा, मामा."

"कॉलेजात कुणाला ठाव हाय?"

"अजून नाही. पण बघायला किती वेळ लागतो? एखादा मुलगा तिथंच मोबाईलवर बघेल."

"मग नगं सांगू. कार्यक्रम होऊ दे, मंग निवांत सांगू. आत्ता कुठं मानूस मान वर करून बसतोय सविता. पुन्हा पडला तर?"

सविताला तेही पटत होतं. पण भर सभेत कुणी मोबाईल वर करून दाखवला तर आप्पांचं काय होईल, हे तिला जास्त भीतीचं वाटलं. आणि दुसरं असं, की आप्पांनी तिला लहानपणी कधी खोटा दिलासा दिला नव्हता. आई गेली तेव्हाही दवाखान्याच्या दारातच त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं.

ती ओसरीत गेली आणि पाटीवर तो आकडा लिहिला.

"आप्पा, हा करून बघा."

"त्यात काय करायचं? सात झालं की. नेम हाय."

"करून बघा."

आप्पांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि खडू उचलला. सातानं बाकी दोन. अकरानं एक. तेरानं सहा. सतरा. ते एकेक अंक खाली घेत गेले. उजवा हात आता सफाईनं चालत होता. शेवटचा एक खाली घेतला, एक्कावन्न झाले, सतरा त्रिक एक्कावन्न. बाकी शून्य.

इतक्या महिन्यांत त्या पाटीवर पहिल्यांदा शून्य आलं होतं. आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग फडक्यानं पाटी पुसली, नीट, कोपऱ्यांसकट.

"तुला कवा कळलं?"

"आज."

"व्याह्यांला?"

"आत्ताच सांगितलं."

"सत्कार कुनी ठरवला?"

सविताची नजर दाराकडे गेली. दारात मच्छिंद्रराव उभे होते.

"मला निमोण्याला सोड," आप्पा म्हणाले.

मच्छिंद्रराव पुढं झाले. "सोपानराव, ऐका तर. सतरानं घात केला, त्यात तुमचा काय..."

"तुमी गावभर दवंडी पिटली," आप्पा त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "मी दुसऱ्याच्या घरात बसून हसं करून घेतलं."

दुसऱ्याच्या घरात, हा शब्द सारजाबाईंनी आतून ऐकला. त्या बाहेर आल्या आणि परत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सविताचा नवरा विश्वजीत आप्पांना गाडीनं निमोण्याला सोडून आला. पाटी आणि खडू त्यांनी नेले नाहीत.

पुढचे काही दिवस घर सुनं सुनं गेलं. मच्छिंद्रराव मळ्यातून आले की सवयीनं ओसरीत डोकवायचे आणि परत फिरायचे. सविता रोज फोन करायची. आप्पा "बरं हाय" म्हणायचे आणि ठेवायचे. हाताचा व्यायाम चालू आहे का, ह्याला ते उत्तर देत नव्हते. प्राचार्यांना काय सांगायचं हा प्रश्न तसाच होता. शेवटी मच्छिंद्ररावच म्हणाले, "चल, जाऊन येऊ. मी त्यांची माफी मागतो. कार्यक्रम न्हाई तर न्हाई, पन मानूस नाराज नगं."

दोघं टेंपोनं निघाले. चौफुल्याला वळून, पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्यामार्गे निमोण्यात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. वाटेत मच्छिंद्रराव माफीचे शब्द जुळवत होते आणि सविताला विचारत होते, 'चूक झाली' बरं की 'गलती झाली' बरं.

आप्पा ओट्यावर बसले होते. सविताच्या लक्षात आधी आलं ते हे, की त्यांच्या पायापाशी शहाबादी फरशीवर कोळशानं लांबच लांब भागाकार मांडलेला होता. तिनांची रांग ओट्याच्या एका टोकापासून पार उंबऱ्यापर्यंत गेली होती, आणि भाजकाच्या जागी होते एकतीस.

मच्छिंद्ररावांनी हात जोडले. "सोपानराव, माझी चूक..."

"बसा, बसा. आधी हे बघा." आप्पांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं, उजव्या हातानं. "सवे, तूबी बस. मला झोप न्हाई आली बघ. सतरानं का मोडावा? मंग म्हटलं, आपन प्रत्येक येळी नवा आकडा घेऊन सगळ्यांनी भागत बसलो. उलटं करून बघू. भाजक एकच धरायचा आन् तीन वाढवत जायचं. कोनता धरू? म्हटलं, आपला पयलाच धरू. एकतीस."

"मग?"

"तीनामागं तीन उतरवत गेलो. बाकी तीन, दोन, तेवीस, सोळा... शून्य काय यीना. पंधराव्या तिनाला आलं. मोज."

सविताने बोटानं तीन मोजले. पंधरा होते. शेवटी कोळशानं गोल शून्य.

"म्हंजी पंधरा तिनांच्या आकड्याला एकतीसनं भाग जातो," आप्पा म्हणाले. त्यांची जीभ अजून अडखळत होती, पण ते थांबत नव्हते. "आता त्याच्या फुडं एकतीस लिव्ह. पंधरा तीन, मंग तीन, मंग एक. काय झालं?"

"सोळा तीन आणि शेवटी एक." सविताने रांगेच्या टोकाला बोट टेकवलं. "आपल्याच रांगेतला आकडा."

"आन् त्याला एकतीसनं भाग जातोच. म्होरल्या तुकड्याला जातो, मागल्या तुकड्याला जातो, मंग सगळ्याला जातोच की. सतरानं आडवलं नसतं, तरीबी सोळाव्याला मोडणारच हुता. करून बघायची गरज न्हाई. करून न बघता सांगता येतं."

मच्छिंद्रराव फरशीकडे बघत होते. "म्हंजी पयल्यापासनंच खोटा?"

"पयल्यापासनं. पयल्या एकतीसातच."

"मंग इतके दिवस..."

"इतके दिवस काय," आप्पा म्हणाले, "हात आला की." आणि मग, बऱ्याच वर्षांत सविताने ऐकलं नव्हतं तसं, मोठ्यानं हसले. मच्छिंद्ररावांना हसावं की नाही हे क्षणभर कळेना, मग तेही हसले. माफी मागायची राहूनच गेली, आणि कुणी तिची आठवणही काढली नाही.

सविताने परत आल्यावर प्राचार्यांना सगळं सांगितलं. नेम चुकीचा निघाला म्हटल्यावर त्यांचं तोंड पडलं. पाहुण्यांना बोलावलं होतं, शाल आणून झाली होती. "मग ते बोलणार काय?" त्यांनी विचारलं. सविता म्हणाली, "हेच बोलतील." बराच विचार करून त्यांनी सूचनेतला 'नवा नियम' खोडून तिथं नुसतं 'मूळ संख्या' केलं.

कार्यक्रमाला आप्पा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आले. माईक त्यांनी घेतला नाही. जीभ अडते, माईकवर ते जास्त ऐकू येतं, असं म्हणाले. त्यांनी फळ्यावर एकतीसपासून सुरुवात केली आणि एकाखाली एक आकडे लिहीत गेले. प्रत्येकाला "मोडला न्हाई" म्हणत गेले. मुलं चुळबुळ करत होती, मागं दोघं-तिघं आप्पांच्या बोलण्याची नक्कल करत होते. सातवा आकडा लिहून झाल्यावर आप्पांनी खडू खाली केला.

"आता सांगा, पुढचा मोडंल का न्हाई? हात वर करा."

जवळजवळ सगळ्यांनी, मोडणार नाही, म्हणून हात वर केले. पहिल्या रांगेत बसलेल्या मच्छिंद्ररावांनी स्वतःचा हात मांडीखाली दाबून धरला होता.

"मीबी असाच हात वर केलता," आप्पा म्हणाले. "सतरानं भागा."

वर्गात पेनं निघाली. मागची नक्कल थांबली. जरा वेळानं एक मुलगी "जातोय!" म्हणून ओरडली, मग दुसरीकडून, तिसरीकडून. आप्पा तोवर फळ्याकडे वळून पंधरा तीन मांडायला लागले होते. ते सगळं समजावून व्हायला तास संपून गेला तरी कुणी उठलं नाही. म्हाळसा नावाच्या अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, मग एकतीससारखंच तीनशे एकतीसनंपण पुढचा कुठला तरी मोडणार का?"

आप्पा थांबले. हे त्यांनी करून बघितलं नव्हतं. त्यांनी सविताकडे पाहिलं नाही.

"मला ठाव न्हाई," ते म्हणाले. "मोडंल असं वाटतंय. पन वाटण्यावर जायचं न्हाई, हे आत्ताच बघितलं. तू कर. मीबी करतो."

शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. कासुर्डीच्या घरी सारजाबाईंनी पिठलं-भाकरी केली होती, आणि आप्पा कुणी आग्रह करायच्या आत पाटावर बसले. दोन भाकरी खाल्ल्या. जेवून झाल्यावर सारजाबाईंना म्हणाले, "त्या दिवशी दुसऱ्याचं घर म्हनलो. ध्यानात ठेवू नका." सारजाबाई म्हणाल्या, "भाकरी वाढू का अजून?"

आता आप्पा निमोण्यातच असतात. हात पूर्वीसारखा झालेला नाही, पण भाकरी मोडता येते, सही करता येते. आठवड्यातून एकदा मच्छिंद्रराव काहीतरी निमित्त काढून तिकडं चक्कर मारतात. परवा सविताला आप्पांचा फोन आला. नऊ तिनांचा आकडा ६७३ नं मोडला, दहा तिनांचा ३०७ नं.

"अकराचा?" तिनं विचारलं.

"आजून धरला न्हाई. तू बघू नकोस मोबाईलवर. आन् बघितलंस तर मला सांगू नको. व्याह्यांलाबी नको, त्यांच्या पोटात ऱ्हात न्हाई."